दारावर रात्री थाप पडली तर

आम्ही बचत गटाच्या बाया. आज हिशेबाचं नाही, दाराच्या कडीचं बोलायचं आहे.

मागच्या हिवाळ्यात रात्री दीडच्या सुमाराला आमच्या गल्लीत एका वहिनीच्या दारावर थापा पडल्या. मालक उसाच्या गाडीवर गेलेले, घरात ती आणि दोन लेकरं. बाहेरून आवाज आला, "पोलीस आहे, दार उघड." फटीतून पाहिलं तर साध्या कपड्यातली माणसं. तिनं कोयता हातात घेतला, पण दार उघडलं नाही. मागच्या खिडकीतून आम्हाला हाका मारल्या. आम्ही बॅटऱ्या घेऊन धावलो, तेव्हा त्यांनी ओळखपत्र दाखवलं. पोलीसच होते. आडनाव सारखं म्हणून घर चुकलं होतं.

कोयता चालला असता तर? या विचारानं आम्हाला झोप लागेना. मग एका वकीलताईंकडून आम्ही कायदा समजून घेतला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. स्वतःचा, दुसऱ्याचा जीव आणि घरदार वाचवायचा आपल्याला हक्क आहे. रात्री कोणी घर फोडून शिरत असेल, बलात्काराची किंवा अॅसिडची भीती असेल, तर हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. पण गरजेपुरताच. चोराला धरून बांधल्यावर मारलं, तर तो आपला गुन्हा.

पोलिसांचं वेगळं आहे. पोलीस चांगल्या हेतूनं आपलं काम करत असेल, तर त्यात कायद्याची थोडी चूक झाली तरी त्याच्यावर हात उचलता येत नाही. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, किंवा तो पोलीस आहे हे कळायला काही कारणच नसेल, तरच सूट.

मर्यादा पोलिसांनाही आहेत. अटक करताना नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख अंगावर हवी. दार फोडण्याआधी आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून आत येऊ द्या म्हणायला हवं. बळ लागेल तेवढंच वापरायचं. सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी बाईला अटक फक्त अपवाद म्हणून; तीही महिला अधिकाऱ्यानं, मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घेऊन.

मग करायचं काय? दिवा लावा, कडी काढू नका. नाव आणि ठाणं विचारा. ओळखपत्र खिडकीपाशी मागा. ११२ लावून खात्री करा, शेजारणीला हाक द्या. खात्री पटली की दार उघडा. अन्याय झाला असेल तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार करू, आम्ही सोबत येऊ. पण दारात झटापट नको.

वहिनीनं कोयता आता गोठ्यात ठेवलाय. दाराआड भिंतीवर खडूनं ११२ लिहिलंय, खाली आमच्यातल्या चौघींचे नंबर. आज रात्री तुम्हीही लिहा.