सत्तर अक्षरांचे बंधन
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात रामनगर येथे झालेले भाषण)



गंगा ओलांडून आपण सर्व रामनगरला आलात, याबद्दल येथला रहिवासी म्हणून प्रथम आभार मानतो. ज्या गावची रामलीला आजही ध्वनिक्षेपकावाचून आणि विजेच्या दिव्यांवाचून महिनाभर चालते, त्या गावच्या माणसाला आपण 'नवी यंत्रे आणि भाषा' या विषयावर बोलावयास सांगितलेत, यात थोडी थट्टा असावी असा मला संशय आहे. पण विषय माझ्या घरातच येऊन बसला आहे, म्हणून बोलतो.

काही वर्षांपूर्वी पुण्यास माझ्या पुतणीला मुलगा झाला. दिवस भरण्याआधी जन्मलेले मूल. त्याला रुग्णालयातच ठेवून घेतले होते. पुतणीचीही प्रकृती नाजूक होती. एके दुपारी जावयांचा संदेश आला. भाषा मराठी, लिपी रोमी, शब्द दोनच. पहिला बी, ए, एल, दुसरा 'आलं'. आमच्या सौभाग्यवतींनी वाचले, "बळ आलं." म्हणजे पोरीच्या अंगात शक्ती आली. देवापुढे दिवा लावला. आणि मुलाविषयी एक अक्षरही का नाही, या काळजीत आम्ही दोघांनी रात्र काढली. सकाळी फोनवर बोलणे झाले तेव्हा उलगडा झाला. जावयांनी लिहिले होते, "बाळ आलं." मूल घरी आले होते!

या घोटाळ्याचे मूळ इंग्रजीच्या घरी आहे. 1992 साली इंग्लंडात पहिला लघुसंदेश गेला. एका संदेशास 160 अक्षरांची मर्यादा होती. तेथल्या मुलांनी स्वर गाळले, शब्दांच्या जागी आकडे घातले, आद्याक्षरांची वाक्ये केली. वडीलधाऱ्यांनी भाषा बुडाली म्हणून आक्रोश केला. (त्यातले 'ओएमजी' हे 1917 साली लॉर्ड फिशर या वृद्ध आरमारी अधिकाऱ्याने चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रातच सापडते, ही गंमत.) 2015 साली तर ऑक्सफर्डच्या कोशकारांनी हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याचे चित्रच वर्षाचा शब्द म्हणून निवडले. इंग्रजी बुडाली नाही. यंत्र तिच्या लिपीसाठीच घडलेले होते.

आपले तसे नव्हते. तोच संदेश देवनागरीत लिहिला की मर्यादा 160 वरून 70 वर येई. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, सारे यंत्र निरनिराळे मोजते. 'लक्ष्मी'मध्ये आपल्याला दोन अक्षरे दिसतात. यंत्राच्या हिशेबी ती सात होतात. काटकसरी मराठी माणूस रोमीकडे वळला, यात नवल ते काय?

आज ती अडचण व्यवहारात उरलेली नाही. मराठी कळफलक प्रत्येक फोनवर मिळतो. 2008 साली 'ॲ' या अक्षरालाही युनिकोड या जागतिक अक्षरसूचीत स्वतंत्र स्थान मिळाले. कारण गेले, सवय राहिली.

लंडनच्या मराठी मुलाला देवनागरी मुद्दाम शिकवावी लागते. आपल्या मुलांना ती शाळेतच मिळते. पण मिळते ती हिंदीची, आणि तीत 'ळ' नाही. हिंदीचे आपल्याला वावडे नाही. याच वाराणसीत 1883 साली मराठी घरात जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी 'आज' दैनिकाच्या संपादकपदावरून हिंदी वृत्तपत्रांची भाषा घडविली. छापखान्याचे यंत्रही भाषा बदलीतच होते. परंतु शब्द खिळ्यांत बसण्याआधी पराडकरांसारखा माणूस तो पारखून घेई. आता आपल्या आणि यंत्राच्या मध्ये कोणी बसलेले नाही. जावयांच्या त्या दोन शब्दांचा संपादक कोण? मीच व्हावयास हवे होते. तुम्ही देवनागरीत का लिहीत नाही, असे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

पुढे विचारले. सरळ माणूस, म्हणाले, "काका, तुम्हीही मला रोमीतच उत्तर देता." ते खरे होते.

तेव्हापासून आमच्या घरचा पत्रव्यवहार देवनागरीत चालतो. माझी गती फार मंद आहे. सौभाग्यवती माझ्या आधी लिहून मोकळ्या होतात. ते बाळ आता सहा वर्षांचे आहे. फोनच्या पडद्यावर बोटाने अक्षर काढून धाडता येते, हे त्यानेच मला शिकविले. गेल्या महिन्यात त्याने आपले घरचे नाव काढून पाठविले, 'बाळ'. काना होता. 'ळ'चे एक वेटोळे मोठे झाले होते, दुसरे अगदीच लहान.