मोबियसची रेषा टोकियोत

१९७५ साली पॅरिसमध्ये 'मेताल उर्लां' नावाचं चित्रकथांचं नियतकालिक निघालं. त्यात झाँ जिरो या फ्रेंच चित्रकाराने 'मोबियस' या टोपणनावाने 'आर्झाक' काढली. एक अबोल स्वार, त्याचा प्रचंड पक्षी आणि खाली पसरलेलं उजाड जग. संवाद एकही नाही. त्यामुळे ती समजून घ्यायला फ्रेंच यावं लागत नव्हतं, आणि जपानी चित्रकारांनी ती अधाशासारखी पाहिली.

युरोपीय चित्रांशी जपानची ओळख त्याआधीची. चार्ल्स वर्गमन या इंग्रजाने १८६२ मध्ये योकोहामात 'जपान पंच' हे व्यंगचित्रांचं नियतकालिक सुरू केलं होतं. लंडनच्या ज्या 'पंच'वरून ते निघालं, त्याचंच वारं पुढे आपल्या मुंबईच्या 'हिंदी पंच'लाही लागलं. पण ती व्यंगचित्रं होती. मोबियस यांच्याकडून मिळालं ते वेगळं.

महायुद्धानंतरच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथांवर, ओसामू तेझुका यांची छाप होती. गोल चेहरे, मोठाले डोळे. त्यातही डिस्नेचा वाटा होताच. मोबियस यांची रेषा बारीक, शांत. माणसाच्या चेहऱ्याइतक्याच निगुतीने ते दगडावरची भेगही काढत. त्यामुळे पार्श्वभूमी ही नुसती पार्श्वभूमी उरत नाही, ती जागा खरी होते.

कात्सुहिरो ओतोमो यांची 'अकिरा' ही मांगा १९८२ मध्ये सुरू झाली, तेव्हा ही रेषा टोकियोच्या काँक्रीटवर उतरली. इमारत कोसळते तेव्हा तिची खिडकी न् खिडकी दिसते. पण ओतोमो यांचं खरं कर्तृत्व मला पुढेच वाटतं. फ्रेंच आल्बम साधारण ४८ रंगीत पानांचा, एकेका चौकटीत डोळा रेंगाळावा असा. 'अकिरा' दोन हजारांहून अधिक पानांची, मुख्यतः काळ्यापांढऱ्यात. तोच बारकावा ओतोमो यांनी धावता केला. एकच स्फोट पानामागून पान चालतो. रेषा युरोपची, पण वेग अस्सल मांगाचा!

त्याच वर्षी हायाओ मियाझाकी यांची 'नाउसिका' सुरू झाली. तिच्यावर मोबियस यांचा प्रभाव असल्याचं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. मोबियस यांनी आपल्या मुलीचं नाव नाउसिका ठेवलं, यावरून त्यांनाही ते काम किती भावलं ते कळतं.

आणि मांगाकार जिरो तानिगुची! त्यांच्या स्वच्छ रेषेत टिनटिनकार एर्जेंच्या परंपरेची आठवण आहे. त्यांच्या 'चालणारा माणूस'मध्ये नायक फक्त गल्लीबोळांतून फिरतो, झाडं पाहतो, पावसात भिजतो. एवढ्यावर पुस्तक उभं राहतं, ते रेषेच्या बळावर. मोबियस यांच्या कथेवर त्यांनी 'इकारो'ही चितारली.

२०१५ साली फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाने आपला सर्वोच्च सन्मान ओतोमो यांना दिला. तो मिळवणारे ते पहिले जपानी चित्रकार.

'चालणारा माणूस' इंग्रजीत उपलब्ध आहे. जरूर मिळवा, आणि एकेका पानावर थांबत वाचा.