तत्त्व पटले, तरी लोक का गेले नाहीत?

(कार्यकर्त्यांच्या कौटुंबिक एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी चहाच्या वेळी एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, ‘‘इतके सुधारक झाले, त्यांचे म्हणणे तर्काला धरूनही होते, मग समाज जुन्याच वाटेने का चालत राहिला?’’ याला एक तयार उत्तर असते, ते म्हणजे अज्ञान. मला ते पुरेसे वाटत नाही.

फार दूर जायला नको. गिरगावातील ‘प्रार्थना समाज’ हे नाव बहुतेकांना एक पत्ता म्हणूनच ठाऊक असते. त्या नावामागची संस्था १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर तिचे आधारस्तंभ झाले. एका निराकार ईश्वराची उपासना करावी, मूर्तिपूजा नको, जातिभेद नको, ही तिची शिकवण. ही मंडळी हिंदू समाजाबाहेर गेली नाहीत. त्यांच्या उपासनेत तुकोबांचे अभंगच गायले जात. विद्वत्ता होती, चारित्र्य होते, पदरी संतवाणी होती. तरीही समाजाची सभासदसंख्या सुशिक्षितांच्या छोट्या वर्तुळापलीकडे गेली नाही.

असे का झाले, याचे उत्तर रानड्यांच्याच चरित्रात सापडते. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली. तेथे चहा पुढे आला. हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभे राहिले. बहिष्कार म्हणजे काय, हे आजच्या पिढीला कळणार नाही. घरी श्राद्धाला भटजी येईना, मुलीचे लग्न ठरेना, माहेरी गेलेल्या लेकीला परत पाठवावे की नाही याची चर्चा होई. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ते त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी घेतले नाही, तर मित्रांच्या घरची कोंडी फुटावी म्हणून घेतले, असे रमाबाईंच्या आठवणींवरून दिसते. त्यांच्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. मत एकट्याचे असते. बारसे, लग्न, तेरावा हे कधी एकट्याचे नसतात. रविवारच्या उपासनेला माणूस एकटा जाऊ शकतो, पण तिरडी उचलायला चौघे लागतात.

त्याच्याही आधी, १८४९ मध्ये निघालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिबंधन मोडून गुप्तपणे सहभोजन करीत. सभासदांची यादी बाहेर गेली आणि सभाच विरली.

आता वारी पाहा. मुख्य प्रवाह सोपा असतो म्हणून लोक तिकडे जातात, असे म्हणणाऱ्याने आळंदी ते पंढरपूर एकदा चालून पाहावे. गळ्यात माळ घातली की मद्य-मांस सुटते, एकादशी येते, वारी चुकवून चालत नाही. मागणी मोठी आहे. पण ती बुद्धीच्या संमतीपाशी थांबत नाही, पायांपर्यंत पोहोचते. दिंडीत नव्याने आलेल्याला कोणी सिद्धान्त विचारीत नाही. त्याच्या हाती टाळ देतात, ‘माउली’ म्हणून त्याच्या पाया पडतात, रात्री पंगतीत बसवतात. आजी चालली होती त्या वाटेने नात चालते. ज्ञानेश्वरादी भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकल्याचे परंपरा सांगते. म्हणजे आजचा हा मुख्य प्रवाहही एकेकाळी वाळीत टाकलेल्यांचाच विचार होता. त्याला वाट मिळाली, तिथी मिळाली, पंगत मिळाली, तेव्हा तो लोकांचा झाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मर्म ओळखले होते, असे मला वाटते. १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १९५६ ची नागपूरची दीक्षा यांत एकवीस वर्षे गेली. त्यांनी कोरे करकरीत मत काढले नाही. याच भूमीतील प्राचीन धम्म स्वीकारला, तोही लाखोंना सोबत घेऊन. आज दीक्षाभूमीवर दरवर्षी लोटणारा समुदाय आपण पाहतोच.

पण गर्दी आपल्याकडे आहे, म्हणून न्यायही आपल्याकडे होता, असे समजू नका. ‘माउली’ म्हणून एकमेकांच्या पाया पडणाऱ्या त्या वाटेच्या शेवटी असलेल्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होते. ते उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. आपल्यातही हा विषय असंदिग्ध शब्दांत मांडला गेला, तो १९७४ च्या वसंत व्याख्यानमालेतील बाळासाहेब देवरसांच्या भाषणात. ज्या घरातून माणसाला सहज बाहेर पडता येत नाही, त्या घरातील अन्यायही त्याला तितकाच निमूटपणे सोसावा लागतो. रानड्यांसारख्याला जिथे मान तुकवावी लागली, तिथे गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय झाले असेल?

प्रार्थना समाज आपल्यापुढे हरला, असे कोणी म्हणाले तर त्याला मी पंढरपूरची एक गोष्ट सांगतो. विधवांना झालेली मुले टाकून दिली जात, मारली जात. हे तीर्थक्षेत्रीही घडत होते. त्यांच्यासाठी १८७५ मध्ये पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. पुढाकार लालशंकर उमियाशंकर यांचा. ते काम प्रार्थना समाजाने चालवले. विठोबाच्या दाराशी आलेली ती मुले उचलून घेणारे हात मूर्तिपूजा न मानणाऱ्यांचे होते. आषाढीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी दर्शनाच्या रांगेत उभे असताना हे एकमेकांना सांगावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो.