संगणक आपला, किल्ली कोणाची?

(नाशिक येथे कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दि. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी संगणक एका रात्रीत म्हातारे झाले. त्या दिवशी त्यांच्यातला एकही भाग झिजला नव्हता, पडदा फुटला नव्हता की कळफलक बिघडला नव्हता. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला सुरक्षाविषयक दुरुस्त्या देण्याचे थांबविले, एवढेच घडले. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ मिळाली. पण मुदतवाढ म्हणजे काही उपाय नव्हे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ या पुढील आवृत्तीसाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप या दारातून आत जाऊ शकत नाहीत.

मध्यमवर्गीय घरात लॅपटॉप ही काही वर्षातून दोनदा घेण्याची वस्तू नव्हे. वडिलांची निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, मुलीचे अभ्यासाचे प्रकल्प, संस्थेचे अहवाल आणि हिशेब हे सारे त्याच एका यंत्रात साठलेले असते. असे चालते-बोलते यंत्र केवळ दूरच्या एका कार्यालयाने ठरविले म्हणून अडगळीत टाकायचे काय? आणि टाकायचेच झाले, तर त्याच्या जागी काय आणायचे? प्रश्न वरवर खरेदीचा दिसतो. पण त्याच्या मुळाशी स्वावलंबनाचा विचार आहे.

नाशिकरोडचा धडा

हा विचार समजून घ्यायला नाशिककरांना दूर जाण्याची गरज नाही. एके काळी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत असत. १९२८ साली नाशिकरोडच्या मुद्रणालयात पाच रुपयांची नोट छापली गेली आणि छपाई या भूमीवर आली. पण छपाई आली तरी कागद परदेशाचाच होता. होशंगाबादचा कागद कारखाना १९६८ साली सुरू झाला, म्हैसूरचा कारखाना त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०१०च्या दशकात. म्हणजे छापखाना आपला झाला तरी कागदाची किल्ली दीर्घकाळ अन्यत्र राहिली. स्वावलंबन एका उडीत येत नाही. ते पायरी-पायरीने मिळवावे लागते, हा या इतिहासाचा अर्थ आहे.

संगणकाच्या क्षेत्रातही असा अनुभव देशाने घेतला आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक देण्याबाबत हात आखडता घेतला. त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' साकार झाला. नकार मिळाला, म्हणून निर्मिती झाली.

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले. त्या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा वाटा आहे. भारतीय कायद्याने कसलीही बंदी नसताना मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेल आणि अन्य सेवा थांबविल्या. पैसे भरलेले होते, परवाने चालू होते, तरी कर्मचाऱ्यांना स्वतःचाच पत्रव्यवहार उघडता येईना. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. लॅपटॉपवरील प्रणाली बदलल्याने हे संकट टळले असते असे नव्हे. सेवा दूरच्या संगणकांवर होती. परंतु विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली आपल्या खिशात नसते, हे त्या प्रसंगाने लख्ख दाखवून दिले.

मुक्तस्रोत म्हणजे फुकट नव्हे

या परावलंबित्वातून बाहेर पडण्याच्या अनेक वाटांपैकी एक म्हणजे मुक्तस्रोत प्रचालन प्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा जगासमोर ठेवला. या दोहोंच्या आधारावर डेबियन, उबुंटू, मिंट अशा प्रणाली उभ्या राहिल्या. त्या बहुधा विनामूल्य मिळतात. पण त्यांचे खरे वैशिष्ट्य ते नव्हे. त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तपासता येते, दुरुस्त करून इतरांना देता येते.

मराठी मनाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या तीनशे वर्षे हस्ते-परहस्ते नकलल्या जात होत्या. नकलताना पाठात अशुद्धे शिरली होती. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये पाठ ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत पदरच्या ओव्या घालू नयेत, असे बजावले. मूळ सर्वांना खुले, नकलण्यास आडकाठी नाही, दोष आढळला तर जाणत्याने तो जबाबदारीने दुरुस्त करावा! मुक्तस्रोताचे शास्त्र याहून फार वेगळे सांगत नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. स्वदेशी आणि मुक्तस्रोत या दोन गोष्टी एक नव्हेत. श्रीधर वेंबू यांची झोहो ही कंपनी भारतीय आहे आणि केंद्र सरकारने आपला ई-मेल तिच्याकडे सोपविला, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण तिची मुख्य उत्पादने मुक्तस्रोत नाहीत. लिनक्स भारतात जन्मलेले नाही. पण त्याच्या पायावर भारताला स्वतःचे घर बांधता येते. सी-डॅकने 'बॉस' ही प्रणाली २००७ साली त्याच पायावर उभारली. संरक्षण मंत्रालयासाठी उबुंटूच्या आधारे 'माया' ही प्रणाली तयार झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. केंद्र सरकारने तर २०१५ सालीच मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले होते. केरळच्या शाळांतून विद्यार्थी अनेक वर्षे याच प्रणालीवर शिकत आहेत. तेथील राज्यकर्त्यांशी वैचारिक मतभेद कितीही असोत, चांगले जे असेल ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

नवा घेण्यापूर्वी जुना तपासा

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिला प्रश्न 'कोणता घ्यावा' हा नसून 'घ्यावाच का' हा आहे. चौसष्ट बिटांचा प्रोसेसर, चार, शक्यतो आठ जीबी रॅम आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविलेला जुना लॅपटॉप लेखन, पत्रव्यवहार, हिशेब यांसाठी पुष्कळ वर्षे चालतो. केवळ डिस्क बदलल्यानेही मरगळलेले यंत्र टवटवीत होते. बत्तीस बिटांची फार जुनी यंत्रे मात्र आता सोडलेली बरी. २०२५ साली आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने त्यांच्यासाठीची स्वतंत्र प्रतिष्ठापना बंद केली आहे.

बदल आवश्यकच असेल, तर दुकानात जाताना खिशात आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह असावा आणि त्यावर मिंट किंवा उबुंटू घातलेले असावे. डिस्कला हात न लावता या पेनड्राइव्हवरूनच यंत्र सुरू करून पाहता येते. दुकानदाराची परवानगी घेऊन पंधरा मिनिटे द्यावीत. वाय-फाय जोडले जाते काय, आवाज येतो काय, कॅमेरा दिसतो काय, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते काय, हे पाहावे. जाहिरातीच्या पानांपेक्षा ही पंधरा मिनिटे अधिक खरी असतात.

काही खुणा आधीच ठाऊक असाव्यात. इंटेलची वाय-फाय चकती सहसा त्रास देत नाही. ब्रॉडकॉमसाठी बहुधा वेगळी फाइल घालावी लागते. चित्रांकनासाठी इंटेल किंवा एएमडीची अंगभूत सोय असली की काम सोपे होते. एनव्हिडियाच्या स्वतंत्र कार्डासाठी कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. बोटाचा ठसा ओळखणारे साधन चालेलच असे गृहीत धरू नये. अनेक इंटेल लॅपटॉपवर साठवणुकीची 'आरएसटी' ही पद्धत चालू असते. तिच्यामुळे प्रतिष्ठापनेच्या वेळी डिस्क दिसतच नाही. ती बायॉसमधून 'एएचसीआय'वर आणावी लागते, पण विंडोजही ठेवायचे असेल तर जाणकाराला विचारूनच. बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. ही प्रत काढल्यावाचून कोणीही पुढचे पाऊल टाकू नये.

'डॉस' किंवा उबुंटू घातलेले लॅपटॉप आपल्याकडे विकले जात आले आहेत. तसा मिळाल्यास विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचतात. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेली थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी व्यावसायिक श्रेणीतील वापरलेली यंत्रेही विचारात घ्यावीत. ती मजबूत असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि लिनक्सशी त्यांचे सहसा जमते. मात्र बिजागऱ्या, बॅटरी तपासाव्यात, बायॉसला कोणाचा पासवर्ड नाही याची खात्री करावी आणि पावती घ्यावी. अतिसडपातळ यंत्रांत रॅम बहुधा पक्की डकविलेली असते. पुढे ती वाढविता येत नाही, हे विसरू नये.

मराठीचे काय?

मराठी माणसासाठी यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. संस्था-कार्यालयांतील वीस-पंचवीस वर्षांचे इतिवृत्त, स्मरणिका आणि पत्रके जुन्या टंकांत बंदिस्त आहेत. त्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. टंक नसला की मजकुराचा चिवडा होतो. विंडोज असो वा लिनक्स, आज ना उद्या हा मजकूर युनिकोडमध्ये आणावाच लागेल. जुने यंत्र चालू आहे तोवरच हे काम हाती घेतले पाहिजे, कारण ते बंद पडले तर संस्थेची स्मृती त्याबरोबर जाईल.

नव्या लेखनाची चिंता नको. १९८६ साली शासनाने आखलेला इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये अंगभूत आहे. 'लोहित'पासून मुंबईच्या एक टाइप संस्थेच्या 'मुक्त'पर्यंत देखणे मुक्त टंक उपलब्ध आहेत. भगूरच्या सुपुत्राने, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी, भाषाशुद्धीबरोबर लिपिशुद्धीचाही आग्रह धरला, तो लिपी यंत्रावर सुलभतेने चालावी म्हणून. टंकयंत्राची ती अडचण युनिकोडने दूर केली. आता उरला आहे तो केवळ आपला आळस. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या भाषेचा माणूस इनस्क्रिप्ट शिकण्यासाठी पंधरा दिवस देऊ शकत नसेल, तर त्या दर्जाचा उत्सव पोकळच ठरेल.

मर्यादांचेही भान

उत्साहाच्या भरात मर्यादा लपविणे हे कार्यकर्त्याचे लक्षण नव्हे. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. ज्याचा चरितार्थ त्यावर अवलंबून आहे, त्याने ते यंत्र तसेच ठेवावे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतील आरेखनाची कित्येक सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आधी तपासून घ्यावे. आपल्याकडे घरोघरी असलेला कॅननचा एलबीपी २९०० हा छपाईयंत्राचा नमुना लिनक्सवर सहजासहजी चालत नाही. घरातील आजोबांच्या हाताला बसलेली सवय एका दिवसात मोडणे हीही एक हिंसाच आहे. म्हणून दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवाव्यात आणि सवय हळूहळू वळवावी.

आणखी एक सत्य मान्य केले पाहिजे. प्रणाली मुक्त झाली तरी आतली चकती आजही परदेशीच आहे. आयआयटी मद्रासची 'शक्ती', सी-डॅकची 'वेगा' हे प्रोसेसर म्हणजे आश्वासक प्रारंभ आहेत; पण घरच्या लॅपटॉपची जागा त्यांनी अद्याप घेतलेली नाही. नोट नाशिकरोडला छापू लागल्यानंतर देशी कागदासाठी चाळीस वर्षे लागली. तथापि कागद नाही म्हणून छापखाना उभारणे कोणी थांबविले नाही.

म्हणून प्रत्येक वस्तीत एक यंत्र आणि ते हाताळणारा एक तरुण, एवढ्यावर प्रारंभ करता येईल. त्या तरुणाने रविवारी दोन तास द्यावेत; शेजारपाजारच्या जुन्या यंत्रांची तपासणी करावी, माहितीच्या प्रती काढून द्याव्यात, ज्येष्ठांना मराठी टंकलेखन शिकवावे. टाकून दिलेले दोन लॅपटॉप जरी एखाद्या अभ्यासिकेत पुन्हा सुरू झाले, तरी त्या वस्तीतील चार मुलांच्या शिक्षणाची सोय होईल. त्यासाठी कोणा कंपनीची अनुमती लागत नाही. लागतो तो एक पेनड्राइव्ह आणि थोडी चिकाटी. आजवर अनेक कामे याहून कमी साधनांवर उभी राहिली आहेत.