पुसलेली राणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने चित्रांवर काय बोलावे? पण गेल्या दिवाळीत पुण्यास शिकणाऱ्या माझ्या भाचीने एका जुन्या पोथीतल्या चित्रांच्या छापील प्रती आणल्या होत्या. त्यांतले एक चित्र काही केल्या मनातून जाईना. तेवढेच सांगते.

ती पोथी फारसी, साडेचारशे वर्षांपूर्वीची. 'तारीफ-इ-हुसेनशाही' तिचे नाव. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती आफताबी नावाच्या कवीने तीत केली आहे. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला, तीही हकिकत आहे. मूळच्या १४ चित्रांपैकी १२ उरली. दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ही पोथी जपली आणि १९८७ साली छापूनही काढली. आपल्या बावड्याच्या पावसात तिचे काय झाले असते! माझ्या सासूबाईंच्या पोथ्या तर कसरीने चाळण करून टाकल्या.

तर, एका चित्रात बादशहा सिंहासनावर बसला आहे. भोवती दासी आहेत, रंग कसे अगदी झळझळीत. आणि बादशहाला लागूनच एक डाग! मला वाटले, ओल लागली असेल. भाची म्हणाली, "मावशी, नीट बघ." बघते तो डागाला माणसाची कड. तिथे राणी बसलेली होती. खुंजा हुमायून तिचे नाव, आपण शाळेत शिकलो त्या चांदबिबीची आई. कवीने तिचेही भरभरून वर्णन केले आहे. सुंदर स्त्रीचा हात लागताच झाड फुलते, ही आपल्या संस्कृत काव्यातली कल्पनासुद्धा त्या फारसी पोथीत चितारली आहे.

१५६५ मध्येच हुसेनशहा वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून काही वर्षे राणीने राज्य चालविले. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. तिची सत्ता गेल्यावर बहुतेक चित्रांतून तिला पुसले, असा अभ्यासकांचा तर्क आहे. दासी तेवढ्या राहिल्या. पोटच्या पोराने केले, हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

आमच्या घरी पुरुषांची सात पिढ्यांची वंशावळ आहे. आजेसासूबाईंनी अकरा माणसांचा संसार केला. पण त्यांचे माहेरचे नाव विचारले, तर घरात एकालाही सांगता आले नाही. लग्नात नाव बदलले ते बदललेच. त्यांचे माहेर घाटाखाली वैभववाडीकडे. तिथे एक म्हाताऱ्या बाई अजून आहेत म्हणतात. पाऊस उघडला की भुईबावड्याचा घाट उतरून त्यांना विचारून येणार आहे.