दुधी, भेंडी आणि पेव्हर ब्लॉक



इमारतीमागच्या तुकड्यात भाजी लावतो म्हणून सगळे विचारतात, "काका, भेंडी कधी देताय?" कसली भेंडी! पांढरी माशी हळद्या रोग पसरवते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. त्यावर औषध नाही, झाड उपटायचं. दोडक्याला फळमाशी; वरून हिरवागार, आत अळ्या.

दुधीची तऱ्हा निराळी. फुलं संध्याकाळी उमलतात, आणि पतंग फिरकले नाहीत तर फळ धरत नाही. मग नरफूल तोडून मी मादीफुलाला लावतो. मादीफुलामागे बोटाएवढा इवलासा दुधी असतो, त्यावरून ओळखायचं. गॅलरीतून लोक हसतात, हसू देत. एवढं करून धरलेला दुधी पहाटे कोणीतरी नेतो! न्या हो, पण वेल ओढू नका, देठ कापा.

आता तिथे पेव्हर ब्लॉक टाकून चार गाड्या लावायचा ठराव येतोय. बँकेत बुडीत खाती पुष्कळ पाहिली, हेही नफ्यातलं नाही. पण 'बी' विंगची पोरं रोज सातला फुलं जुळवायला येतात, त्यांना कुठे पाठवू? हात वर करण्याआधी एकदा मागे चक्कर मारा. सध्या दोन दुधी धरलेत.