कपाटाची किल्ली कुणाकडे?



या संमेलनाचं अध्यक्षीय भाषण आधी पाठवा, समिती नजर टाकेल, असा निरोप मला आला होता. मी भाषण पाठवलं नाही. 1975 साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. आणीबाणी होती आणि स्वागताध्यक्ष खुद्द यशवंतराव चव्हाण होते. तरी बाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला अख्खा मंडप उभा केला. पुढे त्यांना अटक झाली. त्यांच्या खुर्चीची ही माझी खुर्ची धाकटी बहीण आहे. तिच्यावर बसून मी परवानगी मागणार नाही.

मला बोलायचं आहे र. धों. कर्व्यांबद्दल आणि आमच्या गावच्या वाचनालयातल्या त्या कपाटाबद्दल. होय, त्याच कपाटाबद्दल. पुन्हा तेच काढलं म्हणून पुढच्या रांगेत चुळबुळ झाली, ती मला इथून दिसते आहे.

कर्वे गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी नोकरी गमावली. जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं, ते 1953 साली मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. खटला हरले, दंड भरला, पुढचा अंक निघाला. पदराला खार लावून हा माणूस लिहीत राहिला, कारण त्याला स्वतःची विचारसरणी तपासून घेता येत होती आणि एकदा तपासल्यावर तिला इतरांच्या सहीची गरज वाटत नव्हती.

सनातन्यांचा विरोध त्यांनी गृहीतच धरला होता. पण ते महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव, सुधारणेच्या घरातले. आणि सुधारक म्हणवणाऱ्या कितीकांनी त्यांच्यापासून अंग चोरलं. आपल्या पायात खोडा घालतात ती आपलीच माणसं. ‘तुमचं खरं आहे, पण आत्ता नको’ म्हणणारी. मी आयुष्यभर भांडलो ते या ‘आत्ता नको’शी.

आमच्या गावच्या वाचनालयात ‘समाजस्वास्थ्य’चे बांधीव अंक होते, त्या कपाटात कुलूपबंद. माझ्या आत्याला पाच मुलं होती, सहावं नको होतं. तिनं शाळकरी मला चिठ्ठी देऊन अंक आणायला पाठवलं. तेव्हाच्या कार्यवाहांनी चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि फाडली. हसले सगळे. त्यात पुढे प्रतिष्ठित झालेले लोकही होते. आत्या सहाव्या बाळंतपणात गेली. मंडळी, मी हे विसरावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर अध्यक्ष निवडताना तुमची गफलत झाली.

नवी इमारत झाली तेव्हा ते अंक रद्दीत गेले. कपाट मात्र नव्या इमारतीतही आलं. आज त्यात दुसरी पुस्तकं आहेत, ‘वाचकांच्या भावना’ दुखावू नयेत म्हणून ठेवलेली. सध्याच्या ग्रंथपालांना मी दोष देत नाही. तुटपुंज्या वेतनात ते वाचनालय जिवंत ठेवतात, आणि किल्ली त्यांच्याकडे नसतेच. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली सरकारी अनुदान घेणारं वाचनालय लोकांच्या पैशावर चालतं. मग वाचकानं रॅकपाशी जाऊन स्वतःच्या हातानं पुस्तक काढावं, यात अडतं कुठे? मुक्तद्वार पद्धतीसाठी मी अर्ज करून थकलो. वाचकावर विश्वास नसलेली समिती लेखकावर तरी कशी ठेवणार?

मी हट्टी आहे, अशी पत्रकं अध्यक्षपदाच्या निवडणुकीत वाटली गेली. वाटणाऱ्यांपैकी एकानं पुरस्कारासाठी स्वतःच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण बदललं, हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. त्यांनी मला हट्टी म्हणावं, हे ठीकच झालं.

इथे लिहिणारी तरुण मुलं-मुली बसली आहेत. कविता वाचून झाल्यावर तुम्ही आधी आमच्या चेहऱ्यांकडे बघता. बघू नका. आम्ही बरेच जण घाबरलेले आहोत.

कपाट उघडण्याचा ठराव विषय नियामक समितीनं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून बाजूला ठेवला. उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी तो अध्यक्षपदावरून उतरून, साधा सभासद म्हणून मांडणार आहे. अनुमोदक हवा. ज्याला व्हायचं असेल त्यानं आज रात्री निवासस्थानी येऊन सही करावी.